‘शिरीन फरहाद’ आणि बेचाळीस गाणी

पुणे

प्रिय अविनाश,

स. न. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. १९३१ सालच्या ‘शिरीन फरहाद’ या उर्दू बोलपटाविषयी मी लिहिले होते, त्यावर ‘ज्यात ४२ गाणी आहेत तो चित्रपट कसला, ती तर बैठक झाली’ असा शेरा तू मारला आहेस. शेरा झकास आहे, पण मला तो मान्य नाही, आणि का नाही ते जरा सविस्तर लिहितो.

आधी काळ लक्षात घे. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि आपल्याकडचा चित्रपट बोलू लागला. त्यात गाणी सात. मे महिन्याच्या अखेरीस कलकत्त्याच्या मादन थिएटर्सने ‘शिरीन फरहाद’ पडद्यावर आणला, तो एकदम ४२ गाण्यांचा. दिग्दर्शक जे. जे. मादन, लेखक आगा हश्र काश्मीरी, शिरीन झाली होती जहाँआरा कज्जन आणि फरहाद झाला होता मास्टर निसार. ही सगळी मंडळी पारशी रंगभूमीच्या मुशीतून आलेली. पार्श्वगायन अजून कुणाच्या स्वप्नातही नव्हते, त्यामुळे ज्याला गाता येईल तोच नायक आणि जिला गाता येईल तीच नायिका, असा सरळ हिशेब होता. (‘आलम आरा’चा नायक, आपला मास्टर विठ्ठल, याची उर्दू संवादांपायी किती पंचाईत झाली, ते किस्से तुला ठाऊक आहेतच. कज्जन आणि निसार यांच्यापुढे तो प्रश्नच नव्हता.)

आता कथा. बाराव्या शतकातल्या निजामी या कवीच्या फारसी काव्यात खरा नायक बादशहा खुसरो आहे आणि फरहाद मधल्या काही प्रकरणांपुरता येतो. पण लोकांच्या तोंडी कथा गेली आणि लोकांनी बादशहाला बाजूला सारून पाथरवटाला नायक केले. शिरीन हवी असेल तर बेसुतूनचा डोंगर फोडून दाखव, अशी अट त्याला घातली जाते आणि अट घालणाऱ्यांच्या मनात हे काम कधी पुरे होणार नाही अशी खात्री असते. फरहाद मात्र एकटा डोंगराला भिडतो आणि काम संपत आल्याचे दिसू लागते, तेव्हा एका म्हातारीला पाठवून ‘शिरीन गेली’ अशी खोटी बातमी त्याच्या कानावर घातली जाते. तो बातमीची शहानिशा करत नाही. हातातली कुदळ तो स्वतःच्याच डोक्यात घालतो. गालिबला हे भोळेपण फारसे रुचलेले दिसत नाही. मरायलासुद्धा याला कुदळ लागली, रूढींच्या नशेत होता बिचारा, अशी त्याने फरहादची एका शेरात थट्टा केली आहे. मला विचारशील तर त्या थट्टेतही थोडा हेवा आहे.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. या कथेतला सर्वनाश शब्दाने होतो. डोंगर फरहादला हरवत नाही, पहारेकरी हरवत नाहीत, त्याला हरवते ते कानावर पडलेले एक वाक्य. मूकपटात ही बातमी पाटीवर लिहून दाखवावी लागली असती आणि प्रेक्षकांपैकी ज्याला वाचता येत असेल त्याने ती शेजाऱ्याला वाचून दाखवली असती. बोलपटात ती म्हातारी प्रत्यक्ष बोलू शकते आणि फरहादला ऐकू येते त्याच क्षणी ती थिएटरातल्या प्रत्येकाला ऐकू येते. चित्रपटाला नुकताच कंठ फुटलेला असताना याहून सोयीची कथा मादनमंडळींना कुठे मिळाली असती? शिवाय शेवट सगळ्यांना पाठ होता. पुढे काय होणार या उत्सुकतेने तिकीट काढणारा त्या गर्दीत क्वचितच कुणी असेल. लोक आले ते फरहादचे दुःख कोणत्या गळ्यातून आणि कोणत्या सुरात येते ते ऐकायला, आणि अशा प्रेक्षकाला ४२ गाणी जड होत नाहीत.

त्यातून आपण मराठी माणसांनी तरी या आकड्याला हसू नये. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० सालच्या ‘शाकुंतल’मध्ये दोनशेच्या आसपास पदे होती आणि लोक ती पहाटेपर्यंत ऐकत बसत. अण्णासाहेबांना ते नाटक रचण्याची कल्पनाही पुण्यात पारशी मंडळींचा गाण्यांनी भरलेला खेळ पाहून सुचली असे सांगतात. म्हणजे एकाच झऱ्याचे पाणी इकडे संगीत नाटकात आले आणि तिकडे कलकत्त्याच्या स्टुडिओत गेले. ‘सौभद्र’ तोंडपाठ असलेल्या तुझ्यासारख्याने ‘बैठक’ म्हणून नाक मुरडावे, हे मला गमतीचे वाटते.

चित्रपट आज पाहायला मिळत नाही, याची मात्र खरोखर चुटपुट लागते. पहिल्या बोलपटांपैकी बहुतेकांची हीच गत झाली. म्हणून माझा हा सारा वाद कथेवर, त्या काळाच्या रिवाजावर आणि प्रेक्षकांच्या प्रतिसादावर उभा आहे, हे तू बजावण्याआधी मीच सांगून टाकतो. प्रतिसाद मात्र दणदणीत होता. लाहोरच्या एका टांगेवाल्याने घोडा गहाण टाकून हा चित्रपट २२ वेळा पाहिला, अशी आख्यायिका आहे. आकडा कुणी फुगवला असेल, पण गोष्ट रचणाऱ्यालाही टांगेवाल्याच्या हातून घोडाच सोडवावासा वाटला, यावरून त्या वेडाची कल्पना यावी.

१९५६ साली मधुबाला आणि प्रदीपकुमार यांना घेऊन हीच कथा पुन्हा पडद्यावर आली, ती तू पाहिली आहेस. त्यात लताबाईंचा आवाज आहे, त्याबद्दल तक्रार करणारा मी कोण? तरी शिरीनचे दुःख मधुबालाच्या चेहऱ्यावर आणि आवाज दुसऱ्याच्या गळ्यातला, ही वाटणी १९३१च्या प्रेक्षकाला चमत्कारिक वाटली असती असे मला राहून राहून वाटते.

पुढच्या पत्रात मादनच्याच ‘इंद्रसभा’वर लिहीन. जोडी हीच, साल १९३२, आणि गाणी सत्तरच्या घरात. शेरा आतापासूनच तयार ठेव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर