लिस्बनच्या लाइनीतून आलेल्या प्रश्नाचं उत्तर

पिल्लू,

तुझा लिस्बन एअरपोर्टवरचा फोटो बघितला, ती मारुतीच्या शेपटासारखी लाइन आणि बाजूने युरोपियन पासपोर्टवाले सटासट चाललेत, आणि खाली तुझा मेसेज, "बाबा खरं सांग, 2016 ला तू काय व्होट केलंस?" तीनदा टाइप करून खोडलं मग म्हटलं नीट लिहूनच टाकावं. आई आत कुकर लावतेय, तिला माहितीये मी काय लिहिणार ते.

लीव्ह. ब्रेक्झिटच्या मतदानात, ब्रिटनने युरोपियन युनियन सोडावी म्हणून मी लीव्हला दिलं. आईने रिमेनला, म्हणजे आत राहावं म्हणून. त्यामुळे आपल्या घरातून कुणीच मत दिलं नाही असं धरून चाल, असं ती तेव्हा म्हणायची.

तू दहा वर्षांची होतीस, तुला फक्त ती लाल बस आठवत असेल, आठवड्याला 350 मिलियन पौंड युरोपला जातात ते आपल्या हॉस्पिटलांना देऊ असं लिहिलेली. त्या बसवर माझा विश्वास नव्हता हां. पंतप्रधान असताना थॅचरबाईंनी युरोपकडून मिळवलेली सूट आधीच वजा व्हायची, म्हणजे तेवढे पैसे कधी जातच नव्हते, हे आईने मला जेवताना वहीवर गणित मांडून दाखवलं होतं. माझं कारण वेगळंच होतं.

माझ्याकडे तेव्हा भारताचाच पासपोर्ट होता, तरी मला मत होतं, कारण कॉमनवेल्थ देशाचा माणूस इथे राहत असेल तर त्याला मत. आणि शेजारचे अंकल, बार्देशचे, आपल्यापेक्षा जास्त वर्षं इथे स्विंडनमधे, त्यांना नाही, कारण त्यांचा पासपोर्ट पोर्तुगालचा. गोवा 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं ना, त्याआधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना तो मिळवता येतो, इथे एवढे गोवेकर दिसतात ते त्यामुळेच. म्हणजे ज्यांचं सगळं पणाला लागलेलं ते बाहेर बसलेले आणि मी, ज्याचं युरोपशी ना घेणं ना देणं, तो मतदार. मतदानाच्या आदल्या दिवशी कुंपणापलीकडून हसत म्हणाले, "तुका वोट आसा, म्हाका ना." मी पण हसलो.

आता खरी गोष्ट. आजोबा गेल्यावर आजीला साताऱ्याहून इथे आणायचं होतं मला. 2012 ला सरकारने नियम असे आवळले की म्हाताऱ्या आईवडिलांना आणायचं तर त्यांना रोजचं उठणं-बसणं, आंघोळ हेसुद्धा स्वतःचं स्वतः जमत नाही आणि तिकडे पैसे देऊनही तशी सोय होत नाही हे सिद्ध करा. वकिलाने फाईल पाच मिनिटं चाळली आणि म्हणाला तुमची आई फार धडधाकट आहे. आणि पुढच्याच वर्षी अंकलनी त्यांच्या आईला म्हापश्याहून आणलं, युरोपियन नागरिकाची आई, तिचा खर्च मुलगा करतो एवढं दाखवलं की झालं. ती बाई मागच्या अंगणात उन्हात खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसायची आणि मी किचनच्या खिडकीतून बघायचो. तुला वाटेल बाबा किती कोत्या मनाचा. होतो.

त्यात 2014 ला युरोपने हापूस बंद केला. फळमाशी सापडली म्हणून 1 मेपासून आंबा, अळू, कारली, वांगी, पडवळ सगळं बंद, आणि त्या वर्षी गणपतीत अळूवड्या पालकाच्या झाल्या, आठवतंय? मला वाटलं ब्रसेल्समधे, युरोपियन युनियनच्या ऑफिसात बसलेल्या कुणाला काय कळतंय. इथल्या सरकारचाही त्या बंदीला पाठिंबा होता, टोमॅटो-काकडीच्या पिकाला धोका नको म्हणून, ते मी सोयीस्करपणे विसरलो. आंबा पुढच्या सीझनला परत आला, राग राहिला.

आणि तेव्हा प्रीती पटेलसारखे लीव्हवाले नेते आपल्या लोकांना सांगत होते की युरोपवाल्यांना दार सताड उघडं म्हणून तुम्हाला बंद, बाहेर पडलो की सगळ्यांना एकच नियम. मला ते पटलं. 23 जूनला चर्चच्या हॉलमधे गेलो, दोरीने बांधलेली पेन्सिल, बोटाला शाई नाही काही नाही, एक फुली मारली. ब्रिटनचा युरोपशी 43 वर्षांचा संसार आणि एक फुली. 52 विरुद्ध 48, स्विंडनमधे तर जवळजवळ 55 टक्के लीव्ह. सकाळी पंतप्रधान कॅमेरॉनचा राजीनामा, शंभर रुपयांच्या आसपासचा पौंड काही दिवसात नव्वदच्या घरात, आजीला पाठवायचे पैसे तेवढेच कमी.

मग काय झालं? 2021 पासून सगळ्यांना एक नियम आला, खरंच आला, आईच्या वॉर्डात पोर्तुगाल-स्पेनच्या नर्स जाऊन केरळच्या आल्या, तेवढ्यापुरतं मी चुकलो असं मी म्हणणार नाही. पण आजीचा नियम? तो होता तिथेच आहे. तो युरोपने केलेलाच नव्हता गं, लंडनमधेच केलेला होता. माझं दार उघडलं नाही, अंकलचं तेवढं बंद झालं. त्यांच्या धाकट्या भावाला यायचं होतं, पासपोर्ट तयार व्हायला 2022 उजाडलं, तोवर स्विंडनला यायला त्याला व्हिसा लागायला लागला, तो लिस्बनलाच राहिला. तू ज्या लाइनीत तासभर उभी होतीस त्याच्या बाजूच्या लाइनीतून तो जातो.

एक सांगायचं राहिलं. 2019 च्या उन्हाळ्यात अंकल दोन पासपोर्ट घेऊन आपल्याकडे आले होते, इथे राहायचा हक्क टिकवायला अर्ज करायचा होता आणि ते अ‍ॅप तेव्हा आयफोनवर चालायचं नाही. डायनिंग टेबलवर मी माझा सॅमसंग त्यांच्या पासपोर्टवर ठेवून चिप वाचली जायची वाट बघत होतो, दोनदा फेल गेलं, तिसऱ्यांदा टिंग वाजलं. मग त्यांच्या चेहऱ्याचा स्कॅन. वेअरहाऊसची नाइट करून आलेले, डोळे लाल, फोन म्हणतोय हलू नका. दुसऱ्या दिवशी डोदोलचा, त्या गोव्याच्या मिठाईचा, डबा आला, तू अर्धा संपवलास.

त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. ख्रिसमसला तू येशील तेव्हा ते केक घेऊन येतीलच, तू काही बोलू नकोस, मी सांगेन.

बाबा