स्वयंपाकघरातला मधुमेह
महोदय,
अमेरिकेत मेक्सिकोच्या सीमेलगत, टेक्सासच्या रिओ ग्रांदे खोऱ्यात, स्पॅनिशभाषक मधुमेहींच्या घरी 'प्रोमोतोरा' जातात. वस्तीतल्याच बायका, डॉक्टर नव्हेत. टॉर्तिया (तिथली रोजची पोळी) सोडा असे त्या म्हणत नाहीत. मैद्याऐवजी मक्याची, आणि किती, ते सांगतात. ग्लुकोमीटरवरचा आकडा कसा वाचायचा, पायावर जखम आहे का ते रोज कसे पाहायचे, सारे स्वयंपाकघरात बसून. अशा भेटींनी एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा) उतरल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तरीही हे काम बरेचदा मुदतीच्या अनुदानावर चालते. (मधुमेहाला मुदत नसते!) आपल्याकडे आशाताई तिशीपुढच्यांना मधुमेहासारख्या आजारांची जोखीम किती, याचे तक्ते भरतात. त्यांनाही भाकरी-भाताबद्दल निवांत बोलायला वेळ आणि त्याचे वेगळे मानधन मिळावे.
– एक वाचक, नाशिक