कुलूपबंद वाचनकक्ष आणि साडेतीनची एसटी

महोदय,

तालुक्याच्या ठिकाणच्या पदवी महाविद्यालयांच्या इमारती आता पूर्वीसारख्या राहिलेल्या नाहीत. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या सात निकषांपैकी चौथा निकष भौतिक सुविधा व अध्ययन साधनांचा असल्यामुळे वाचनकक्ष, मुलींचा कक्ष, जिमखाना असे सगळे काही बांधले गेले. पण मुले आवारात असतात तेव्हा यातले उघडे काय असते, हे कोणी पाहते का?

माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी सातच्या एसटीने ती जाते. नवे शैक्षणिक धोरण राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह अशी विषयांची विभागणी झाली आणि तिच्या वेळापत्रकात मध्येच दोन-दोन तास मोकळे पडू लागले. शेवटचा तास साडेबाराला संपतो, गावाकडची गाडी साडेतीनला. एवढा वेळ या मुलींनी बसायचे कुठे?

वाचनकक्ष एक वाजता बंद होतो. ग्रंथपालाचे पद रिकामे आहे आणि कार्यालयातला जो कर्मचारी पुस्तकांची देवघेव सांभाळतो, त्याला दुपारी दुसरे काम असते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मुलींच्या कक्षाची किल्ली कार्यालयात मागावी लागते. पालकसभेच्या दिवशी मी तो उघडून घेतला, तर आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे छताला भिडलेले. सॅनिटरी नॅपकिनचे यंत्र भिंतीवर आहे, पण त्याची वायर गुंडाळून वर खोचलेली. शेजारच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही. मुली दिवसभर पाणी कमी पितात, आणि याचे मला सगळ्यात वाईट वाटते.

मग मुली एसटी स्टँडवर बसतात. ज्यांना परवडते ती मुले गावातल्या खासगी अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून खुर्ची घेतात. महाविद्यालयाच्या पावतीवर ग्रंथालय शुल्क भरलेले असताना हा दुसरा खर्च कशासाठी? घरबसल्या हजारो नियतकालिके आणि ई-पुस्तके वाचता येतील अशी ‘एन-लिस्ट’ सेवाही आहे. तिचा पासवर्ड महाविद्यालयामार्फत मिळतो, हे मुलीच्या वर्गात कोणाला सांगितलेलेच नव्हते.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. वर्षातून किमान चार बैठका आणि विद्यार्थी प्रतिनिधींना जागा, अशी तरतूद कायद्यातच आहे. या बैठकांत नव्या बांधकामाबरोबर आहे त्या खोल्यांच्या वेळाही ठरवाव्यात. वाचनकक्ष शेवटची एसटी सुटेपर्यंत उघडा राहावा. त्यासाठी ‘कमवा व शिका’ योजनेतल्या दोन विद्यार्थ्यांना दुपारची पाळी देता येईल. त्यांना मानधन मिळेल, बाकीच्यांना बसायला जागा. उत्तरपत्रिका दुसरीकडे हलवाव्यात. कडी तर याच आठवड्यात बसावी, तिला ठरावाची गरज नाही.

विद्यापीठाच्या समित्या पाहणीला येतात तेव्हा त्यांनीही एकदा दुपारी दोन वाजता, आधी न कळवता यावे, अशी माझी विनंती आहे.

– एक पालक, जि. सोलापूर