सांबार वाचायला सोपं आहे, आई

लेस्टर, इंग्लंड
१६ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर तुझं बोलणं अर्ध्यातच राहिलं. रेंज गेली आणि मग तुमच्याकडे रात्र झाली. "पंचायतीनं अंगणवाडीच्या पुस्तकायसाठी ३,००० रुपये देल्ले, आता काय काय घेऊ ते सांग," असं तू म्हणत होतीस. फोनवर दोन वाक्यांत सांगून होणार नाही, म्हणून बसून लिहिते आहे.

आधी एक सांगते. यवतमाळच्या दुकानदारानं दाखवलेला पन्नास पुस्तकांचा संच घेऊ नकोस. तू पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी चौकटीत तात्पर्य आहे. ससा, सिंह, राजा, सगळ्यांचे डोळे एकाच छापाचे. आणि एकेका पानावर इतका मजकूर की तीन वर्षांचं लेकरू पान उलटायच्या आधीच उठून पळेल. पन्नास हा आकडा पाहून जीव हरखतो खरा, पण त्या पैशांत पंधरा चांगली पुस्तकं आली तर तीच वर्षभर पुरतील. लहान मुलांना तेच पुस्तक चाळीस वेळा हवं असतं. आबाजी मला कोल्ह्याची गोष्ट सांगायचे आणि एक शब्द बदलला तरी मी त्यांना अडवायची, आठवतं ना?

मी ज्या वर्गात मदतनीस आहे, तिथं चार-पाच वर्षांची मुलं आहेत. वाचायला शिकणाऱ्या मुलांच्या पुस्तकांना इथं रंगांच्या पट्ट्या असतात, म्हणजे कोणतं सोपं नि कोणतं अवघड ते कळतं. सगळ्यांत खालच्या, फिक्या जांभळ्या पट्टीच्या पुस्तकांत एकही शब्द नसतो. पहिल्यांदा मला वाटलं, यात वाचायचं काय? पण आमच्या वर्गातला एक गुजराती मुलगा महिनाभर तोंड उघडत नव्हता. एक दिवस त्या बिनशब्दांच्या पुस्तकात पावसाचं पान आलं आणि तो त्याच्या घरच्या भाषेत बोलत सुटला. छत्री, चिखल, आजी, सगळं. बाईंनी त्याला थांबवलं नाही. तशी दोन-तीन पुस्तकं तू नक्की घे. कापूस वेचायला गेलेल्या बायांची जी लेकरं उशिरा येऊन कोपऱ्यात बसतात, ती अशा पुस्तकावर आधी बोलतील.

आता मुख्य मुद्दा. पुस्तकांचे दोन ढीग कर. एक तू वाचून दाखवायचा, दुसरा त्यांनी स्वतः वाचायचा. आपल्याकडे हे दोन्ही एकच समजतात आणि सगळा घोळ तिथंच होतो. तू वाचून दाखवशील त्या पुस्तकात भाषा भरपूर असू दे, अवघड शब्दही असू दे, कारण अर्थ तुझ्या आवाजातून नि हातवाऱ्यांतून पोचतो. मोठ्या आकाराचं घे, वीस मुलांच्या घोळक्यात मागच्यालाही चित्र दिसलं पाहिजे. दुकानात उभ्या उभ्या दोन पानं मोठ्यानं वाचून बघ. जीभ अडखळली, तर ते पुस्तक ठेवून दे. इंग्रजीवरून मराठीत आणलेल्या कितीतरी पुस्तकांची वाक्यं अशी असतात की आपल्या गावात कोणी तसं बोलत नाही.

स्वतः वाचायच्या पुस्तकांचं मात्र नाजूक आहे. ती सहा वर्षांच्या पोरांसाठी, आपल्या पिंकीसारख्यांसाठी. इंग्रजीत एकाच अक्षराचे चार उच्चार, त्यामुळे इथली मुलं वेगळ्याच गोष्टीशी झगडतात. आपलं अक्षर तसं फसवत नाही, पण आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटीचा डोंगर आहे. पहिली वेलांटी तर लिहायची अक्षराच्या आधी आणि बोलायची नंतर! म्हणून सुरुवातीच्या पुस्तकात बिनमात्रेचे नि कान्याचे शब्द जास्त हवेत आणि जोडाक्षरं जवळजवळ नकोत. एका पानावर एक ओळ, अक्षर ठळक, आणि तेच वाक्य थोडं बदलून पुढच्या पानावर यावं. चित्र पाहून शब्दाचा अंदाज लागला, तर त्याला चोरी समजू नकोस.

आणि हे लिहिताना मला एक गंमत सापडली. मी दुसरीत असताना कोथिंबिरीचं चित्र पाहून आपल्या बोलीतलं "सांबार" म्हटलं, तर गुरुजींनी सगळ्यांसमोर "कोथिंबीर म्हण" असं दरडावलं होतं. वर्ग हसला. त्यानंतर कितीतरी दिवस मी हात वर केला नाही. काल दोन्ही शब्द कागदावर लिहून पाहिले. कोथिंबीर या शब्दात काना-मात्रा, दोन्ही वेलांट्या, वर अनुस्वार. सांबारमध्ये फक्त काने आणि एक अनुस्वार. तसंच पेरूला आपण "जाम" म्हणतो, तेही सोपं. शेतात मात्रा आहे, वावरात नुसता काना. म्हणजे आपला शब्द वाचायलाही सोपा होता, आई. (कापसाच्या झाडाची आपली पऱ्हाटी मात्र सगळ्यांत कठीण निघाली, तो र मोठ्यांनाही चकवतो.) म्हणून चित्रात पेरू असला तर पोरं जाम म्हणतील, म्हणू दे. मग तू सांग, पुस्तकात याला पेरू लिहिलंय. दोन्ही शब्द त्यांचेच होऊ देत.

"पोट्टे फाडतीन न" ही तुझी भीती मला माहीत आहे. आमच्या शाळेतली पुस्तकं याच भीतीनं कपाटात कुलूपबंद होती आणि साहेब आले की बाहेर निघायची. फाटू दे. सगळ्यांत लहानांसाठी जाड पुठ्ठ्याची पानं घे, ओल्या फडक्यानं पुसता येतात. बाकीची घेताना मधली पिन ओढून बघ, निघत असेल तर घरी येऊन दोऱ्यानं शिवून घे. आणि ठेवायची ती दोरीवर चिमट्यांनी लटकवून, मुखपृष्ठ समोर करून, पोरांचा हात पुरेल इतक्या खाली.

नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका मराठीतही आहे, ती स्वस्त पडेल. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रं बघून ये. शिवाय प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे इंटरनेटवरचं गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून फुकट आहे, त्यावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीच्या उतरवून घे आणि दादाला तालुक्याहून छापून आणायला सांग. कोणाला विचारायची गरज नाही, तशी मोकळी परवानगीच दिलेली आहे.

शेवटचं पुस्तक विकत घेऊ नकोस, घरीच बनव. दादाच्या मोबाईलवर आपल्या गावाचे फोटो काढ, जाड कागदावर चिकटव आणि खाली मोठ्या अक्षरात लिही. पहिलं पान मी सांगते: हा बाबा. दुसरं: हा बाबाचा बैल. तिसरं: हा बैल वावरात. चौथ्या पानापासून पोरांना विचार आणि ती सांगतील तेच लिही.

बाबांना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याचं कळव. ते पुस्तक झालं की प्रत्येक पानाचा फोटो मला पाठव, मी आमच्या वर्गात लावणार आहे.

तुझी,
बेबी