राबियापासून नको, इमामतीपासून सुरुवात कर

प्रिय बेटा,

सूफी विचार आणि बाईचं स्थान यावरच्या तुझ्या निबंधाचा कच्चा मसुदा वाचला. सुरुवात बसऱ्याच्या सूफी संत राबियापासून केलीस; सगळेच करतात. राबिया गेली 801च्या सुमारास. तिच्या ज्या गोष्टी आपल्याला तोंडपाठ आहेत, त्यांतल्या बऱ्याच फारसी सूफी कवी अत्तारने चारशे वर्षांनी लिहिलेल्या. त्यात तो कौतुक कसं करतो बघ: अल्लाहच्या वाटेवर जी बाई मर्द ठरली, तिला बाई म्हणता येत नाही. मोठेपण द्यायचं, पण आधी बाईपण काढून घ्यायचं! हे वाक्य तू आधार म्हणून घेतलंयस. ते उलटतपासणीला घे.

खरा ऐवज सूफी विचारवंत इब्न अरबीकडे आहे (1165 ते 1240). ‘फुतूहात’ या त्याच्या ग्रंथात नमाजाच्या विवेचनात बाईच्या इमामतीचा, म्हणजे पुढे उभं राहून नमाज पढवण्याचा, प्रश्न येतो. आधी तो तिन्ही मतं मांडतो: सरसकट मुभा, सरसकट मनाई, फक्त बायकांपुढे मुभा. मग स्वतःचं सांगतो. पैगंबरांनी काही पुरुषांसारखीच काही बायकांच्याही पूर्णत्वाची ग्वाही दिली आहे, मग इमामत का नाही? मूळ नियम मुभेचा. मनाई करणाऱ्याने पुरावा आणावा, आणि तसं स्पष्ट वचन त्याच्याकडे नाही. पुरावा द्यायची जबाबदारी इब्न अरबीने कुणावर टाकली, तिथे थांब. निम्मा निबंध त्यावरच होईल.

नीतीचा धागा नफ्सपासून, म्हणजे माणसाच्या आतल्या ‘मी’पासून, धर. कुरआनात तिची तीन रूपं येतात: वाईटाकडे ओढणारी अम्मारा (सूरा 12, आयत 53; पुढेही असंच), स्वतःला बोल लावणारी लव्वामा (75:2), शांतावलेली मुतमइन्ना (89:27). आता आदमपुढे झुकायला नकार देणाऱ्या इब्लिसचं, म्हणजे सैतानाचं, उत्तर वाच (7:12): ‘मी त्याच्यापेक्षा श्रेष्ठ.’ सूफींच्या लेखी रोगाचं मूळ हेच. इस्लामच्या अभ्यासक अमीना वदूद तौहीदवरून, म्हणजे अल्लाहच्या एकत्वावरून, इथेच येतात: श्रेष्ठ एकटा अल्लाह, त्यामुळे पुरुषाने बाईच्या वर बसणं तौहीदलाच धक्का. 18 मार्च 2005ला न्यूयॉर्कमध्ये त्यांनी स्त्री-पुरुषांच्या एकत्र जुम्म्याच्या (शुक्रवारच्या) नमाजाची इमामत केली, तिच्यामागचा विचार हा.

एक खड्डा मात्र आहे. बऱ्याच सूफी लिखाणात नफ्स हीच भुलवणारी बाई म्हणून रंगवलेली असते. आणि इब्न अरबीसुद्धा 2:228मधला पुरुषांचा ‘दरजा’ (बायकांहून वरची पायरी) साफ नाकारत नाही. हे तळटीपेत ढकलू नकोस, मजकुरातच घे.

हाजी अली दर्ग्याचा परिच्छेद दुरुस्त कर. बायकांना तिथे मजारीपर्यंत जाऊ देणारा 26 ऑगस्ट 2016चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सूफी विचारावर नव्हे, संविधानाच्या 14, 15 आणि 25 या कलमांवर उभा आहे. दर्गा सूफीचा, म्हणून निकालही सूफी, असं होत नाही.

तुझी,
अम्मी