नाना पेठेतल्या अनोळखी मंडळींचे आभार

मारुती जिप्सी गाडी दोन इंच उंच करायची तर स्प्रिंगचे जास्तीचे पाटे सहज मिळतात, अडतं ते यू-बोल्टवर, म्हणजे पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणाऱ्या यू आकाराच्या बोल्टवर. पाट्यांची थप्पी जाड झाली की जुने आखूड पडतात, आणि एकदा ताणलेले पुन्हा वापरूही नयेत. पुण्यात नाना पेठेतल्या एका काकांनी आतली रुंदी, दांड्याची जाडी, आटे सगळं व्हर्नियरने मोजून जोड्या लावून दिल्या. गर्दीच्या वेळी, बरं का! पलीकडच्या दुकानातल्या मुलाने शॅकलचे (पाट्यांचं टोक गाडीला जोडणाऱ्या कडीचे) बोल्ट डोक्यावरचा मजबुतीचा १०.९ हा आकडा दाखवूनच दिले. तिथे गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका ताईंनी तर न विचारता बजावलं, ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणला जातोय का बघा आणि थोडी गाडी चालवून नट परत आवळा. तिघांनाही मनापासून धन्यवाद. होज खरंच बदलावा लागला, ताई.