सर्फिंग सहलीच्या तारखा परस्पर बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या प्रतिनिधीशी बोलून आत्ताच फोन ठेवला आणि लगेच हे लिहायला बसले. मालदीवचं तुमचं रीफ ब्रेकचं, म्हणजे प्रवाळाच्या खडकावर (रीफवर) फुटणाऱ्या लाटांवर सर्फिंग करायचं पॅकेज आम्ही सप्टेंबरसाठी घेतलं होतं. कन्फर्मेशन आलं जानेवारीचं. आम्हाला न विचारता. कारण विचारलं तर म्हणे, जानेवारी तिथला पीक सीझन आहे, तुम्हाला त्याच पैशांत अपग्रेड मिळालंय.

पीक सीझन कुणाचा? वाळूवर ऊन खात पडणाऱ्यांचा. आम्ही लाटांसाठी चाललोय. उत्तर माले अटॉलमधला (अटॉल म्हणजे कड्याच्या आकाराचा प्रवाळबेटांचा समूह) सर्फिंगचा हंगाम साधारण मार्च ते ऑक्टोबर, हे तुमच्याच माहितीपत्रकात छापलंय. दक्षिण गोलार्धातल्या हिवाळी वादळांतून उठलेला स्वेल, म्हणजे दूरवरून येणाऱ्या लाटांचा ओघ, हजारो किलोमीटर कापून या बेटांवर येतो. त्याच काळात पश्चिमेकडचा वारा अटॉलच्या पूर्व कडेला ऑफशोअर, म्हणजे बेटाकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे लाटेचं तोंड गुळगुळीत राहतं. जानेवारीत दोन्ही गोष्टी फिरतात: स्वेल रोडावतो आणि वारा ईशान्येकडून समोर येतो. थुलुसधू बेटावर मुक्काम करून तिथल्या कोक्स या सर्फिंगच्या जागेची उजवी लाट (सर्फरच्या उजवीकडे फुटत जाणारी) आणि चॅनेलपलीकडच्या चिकन्स या जागेची डावी लाट खेळायची, एवढ्यासाठीच तर हे पॅकेज निवडलं होतं.

हे सगळं मी प्रतिनिधीला शांतपणे सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "मॅडम, समुद्र तर बारा महिने तिथेच असतो ना?" मला वाटलं ऐकण्यात काही चुकलं, म्हणून पुन्हा विचारलं. त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी एकेक शब्द सावकाश, लहान मुलाला समजवावं तसं. समुद्र असतो, लाट नसते, असं मी म्हटलं. "मग बरंच की मॅडम, शांत पाणी मिळेल." तरी मी तोल जाऊ दिला नाही. होडी भरतीची वेळ पाहून सोडता की नाश्ता उरकल्यावर, एवढंच विचारलं, कारण ओहोटीला कोक्सच्या आतल्या टप्प्यात प्रवाळावर फार थोडं पाणी उरतं. त्यावर हा गृहस्थ म्हणतो, "उथळ असेल तर चांगलंच, बुडायची भीती नाही. पाय टेकतील."

पाय टेकतील! खोल समुद्रातून आलेली लाट रीफच्या कडेला अडून एकदम उभी राहते आणि पडलेल्या माणसाला खाली प्रवाळावर आपटते. म्हणूनच पडताना अंग सपाट ठेवा, पाय खाली सोडू नका, असं प्रत्येकाला बजावून सांगतात. प्रवाळाने कापलं की बारीक कण जखमेत अडकतात आणि ती चिघळते. माझी धाकटी बहीण आजवर फक्त वाळूच्या तळावर सर्फिंग करत आली आहे, रीफवर ती पहिल्यांदाच उतरणार आहे. तुमच्या माणसाचा सल्ला तिने ऐकला असता तर? या प्रश्नावर त्याने मला होल्डवर टाकलं आणि थोड्या वेळाने फोन कट झाला.

त्याआधी एक मात्र त्याने न विसरता सांगितलं: आम्ही रद्द केलं तर निम्मी रक्कम कापली जाईल. रद्द आम्ही कुठे करतोय? तारखा तुम्ही बदलल्यात. आम्ही सप्टेंबर मागितला होता, सप्टेंबरचेच पैसे भरले होते. विमान कंपनीला सर्फबोर्डच्या बॅगची लांबी कळवून झाली आहे, तेही आता पुन्हा करायला लावू नका.

सर्फिंगची जाण असलेली कंपनी म्हणून तुमच्यावर विश्वास ठेवला होता. त्यापेक्षा थेट थुलुसधूच्या गेस्ट हाउसशी बोलले असते तर निदान भरती-ओहोटी कळणारा माणूस भेटला असता.

सप्टेंबरच्या तारखा लेखी कळवा, नाहीतर एक पैसाही न कापता सगळी रक्कम परत करा. रोजच्या होडीच्या वेळा भरतीप्रमाणे असतील हेही लेखी हवं. या आठवड्यात उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करणार आहे. आणि पुन्हा फोन करणार असाल, तर रीफवरची लाट प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसालाच करायला सांगा.

एक ग्राहक
(बुकिंगचे तपशील सोबत जोडले आहेत)